शेवटच्या तीन ढांगा

घोड्यांविषयी मी आयुष्यभरात पुष्कळ शेरे लिहिले. त्यांतला एक चुकीचा निघाला. तो लाल शाईत होता, इंग्रजीत होता आणि मराठीत त्याचा अर्थ एका शब्दात मावतो: अडतो.

त्या वेळी मी लष्कराच्या एका अश्वपैदास केंद्रात नोकरीला होतो. केंद्र उत्तर प्रदेशात, दिल्लीहून चार तासांवर होते. तेथे घोड्यांची पैदास होई, शिंगरे वाढवली जात आणि ती चार वर्षांची झाली की त्यांची परीक्षा घेऊन कोणाला कुठे धाडायचे ते ठरे. परीक्षा घेण्याचे काम माझ्याकडे होते. घोड्यावर मी बसायचे, त्याला पळवायचे, अडथळ्यांवरून उडवायचे आणि वहीत शेरा लिहायचा. त्या शेऱ्यावर घोड्याचे पुढचे आयुष्य ठरत असे.

एका हिवाळ्यात जर्मनीहून एक करडा घोडा आला. उडीच्या स्पर्धांसाठी तो घेतलेला होता. त्याला कागदोपत्री एक लांबलचक परदेशी नाव होते आणि ते कोणालाच नीट उच्चारता येत नसे. पुढे केंद्रात शेकडो घोडे असताना त्याला सगळे नुसते 'घोडा' म्हणू लागले. 'घोड्याला चंदी दिली का?' असे कोणी विचारले की कोणत्या घोड्याला, हे विचारावे लागत नसे. पण ते नंतरचे.

मी त्याची परीक्षा घेतली. चाल उत्तम, पाठ मजबूत, मागचे पाय असे की त्यांच्याकडे पाहत राहावे. मात्र अडथळा तीन ढांगांवर आला की तो मान खाली घाली. थोडीथोडकी नव्हे, नाक गुडघ्याच्या पातळीवर येई. उडीच्या तोंडाशी घोड्याने मान खाली घातली की तो अडणार, म्हणून लगाम आवळून मान वर घ्यायची, असे आम्हाला शिकवलेले होते. मी लगाम आवळला. घोडा अडला. मी पुन्हा आणला, पुन्हा आवळला, तो पुन्हा अडला. तिसऱ्या वेळी मी त्याच्या कानांवरून अडथळ्याच्या दांड्यांत पडलो. उठून कपडे झटकले, कचेरीत गेलो आणि लाल शाईने शेरा लिहिला.

उडीला निरुपयोगी ठरल्यामुळे त्याला स्पर्धेतून काढून पैदाशीला लावले. पुढे ज्याची संतती देशभर उड्या मारीत फिरली, तो माझ्या चुकीमुळे बाप झाला. हे श्रेय म्हणून सांगत नाही. घडले तसे सांगतो.

दीड वर्ष तो माद्यांना फळवण्यापुरता उभा होता. मग केंद्रात एक रिसालदार बदलून आले. राजस्थानचे, वयाने माझ्या दुप्पट, वाचण्यालिहिण्याचा कंटाळा असलेले. त्यांनी आठवडाभर त्या घोड्याला नुसते कुरणात पाहिले आणि एके सकाळी माझ्यासमोर उभे राहिले.

"साहब, उस पर एक बार मैं बैठूँ?"

"तो अडतो," मी हिंदीत सांगितले.

"आपके साथ अडता है."

दुसरा कोणी असता तर मी खपवून घेतले नसते. मी परवानगी दिली. त्यांची फजिती पाहावी हा हेतू त्यात होता. रिसालदारांनी लगामाला गाठ मारली, तो घोड्याच्या मानेवर टाकून दिला आणि दोन्ही हात छातीवर बांधले. घोडा दौडत निघाला. तीन ढांगा उरल्या तेव्हा त्याने मान खाली घातली, अडथळा तळापासून वरपर्यंत पाहिला आणि उडाला. वरच्या दांड्यावर हातभर मोकळी हवा राहिली. त्यांनी तोच अडथळा दोनदा उंच करायला लावला. घोड्याला त्याचा फरक पडला नाही.

खाली उतरून ते माझ्याजवळ आले. "साहब, आँख उसकी है. उसे देखने दो." मग मला चढवले आणि बजावले की शेवटच्या तीन ढांगा लगाम नाही, आयाळ धरायची. मी आयाळ धरली. त्यानंतर त्या घोड्याने माझ्याखाली एकही उडी नाकारली नाही.

पुढची काही वर्षे त्याने बक्षिसे आणली. ती कपाटात राहिली. खरी गोष्ट शिंगरांची. त्याची शिंगरे जन्मतः काळी असत आणि वर्षागणिक पांढरी होत जात. हे करड्या घोड्यांत होतेच. पण त्याचबरोबर ती सगळी शेवटच्या तीन ढांगांत मान खाली घालीत. त्यांना कोणी शिकवले नव्हते. बापाला त्यांनी उडताना पाहिलेही नव्हते. कुरणातल्या पाण्याच्या चरावरून सहा महिन्यांचे शिंगरूसुद्धा आधी खाली वाकून पाही आणि मगच उडी घेई. आमच्या केंद्रात स्वारांना आम्ही आयाळ धरायला शिकवले आणि त्या वंशाने आमची मान उंच ठेवली.

केंद्राबाहेर मात्र तसे झाले नाही. शिंगरे दुसऱ्या ठिकाणी जात, तेव्हा बापाच्या नोंदींची नक्कल सोबत जाई. त्या नोंदींत माझा लाल शेरा होता. तिकडच्या परीक्षकाने शेरा वाचावा, शिंगराने मान खाली घालावी, त्याने लगाम आवळावा आणि 'बापासारखेच' असे लिहून मोकळे व्हावे. काही परत आली. काही लिलावात गेली. मी भेटेल त्याला तोंडी सांगत राहिलो. लेखी दुरुस्ती केली नाही. दुरुस्ती करायची तर जुन्या शेऱ्यावर रेघ मारून खाली सही करावी लागते, म्हणजे चूक मान्य करावी लागते. आज लिहितो, उद्या लिहितो असे म्हणत मी निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर फरीदाबादला फ्लॅट घेतला. पत्नी गेल्यावर एकटाच राहिलो. कामानिमित्त करोल बागेत जावे लागे. लग्नसराईत तेथे संध्याकाळी वराती निघतात. बँड, दिव्यांचे खांब, नाचणारी मंडळी आणि मध्ये नवरदेवाला घेऊन चाललेली पांढरी घोडी. एकदा अशी एक घोडी रस्त्यातला खड्डा तीन ढांगांवर आल्यावर थबकली नाही, तिने मान खाली घातली, खड्डा पाहिला आणि पाठीवरच्या नवरदेवासकट तो डौलाने ओलांडला. मी गर्दीतून घोडीवाल्यापर्यंत गेलो आणि घोडी कुठून आणली ते विचारले.

"बुकिंग चाहिए, बाबूजी?" तो म्हणाला. "शादी बेटे की है या अपनी?"

मी निघून आलो. पण तेव्हापासून वरातीतली प्रत्येक पांढरी घोडी मी पाहतो.

आता मुलीविषयी. ती मला एकुलती एक. वय चव्वेचाळीस. गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत अधिकारी आहे. तिचे बालपण केंद्राच्या आवारात गेले. नऊ वर्षांची असताना ती कुंपणाशी येऊन म्हणाली होती, "मला बसू द्या ना." मी नाही म्हणालो. तिने तीन वेळा विचारले, तिन्ही वेळा मी नाही म्हणालो, आणि मग तिने विचारणे सोडले. मी कारण सांगितले नाही. कारण होते; सांगण्याची पद्धत नव्हती.

गेल्या वर्षी एका रविवारी ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हनुवटीला खरचटलेले होते.

"काय झाले?"

"पडले."

"कुठे?"

"बाबा, तुम्ही रागवू नका. घोड्यावरून."

ती अडीच वर्षे घोडेस्वारी करीत होती. फरीदाबाद–गुरुग्राम रस्त्यावर, अरवलीच्या पायथ्याशी एक खासगी क्लब आहे, तेथे. मला सांगितले नव्हते. आता सांगावे लागत होते, कारण ती ज्या घोडीवर बसायची ती विकली जाणार होती.

"अच्छी घोडी आहे बाबा, खरंच. पण जंप करताना मध्येच थांबते. आठातल्या एकावर तरी थांबतेच. क्लबवाल्यांनी डिसाइड केलंय, लग्नाच्या घोडीवाल्याला द्यायची. पांढरी आहे ना, लगेच घेतात. तुम्ही एकदा बघाल?"

"पांढरी जन्मापासून आहे?"

"नाही. साईस म्हणतो लहानपणी काळी होती."

मी टोपी घेतली.

तिच्या गाडीत मी पुढे बसतो तेव्हा माझा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "बाबा, अकरा वेळा 'हळू' म्हणून झालं. अजून टोल नाका यायचाय."

क्लबात तिचे प्रशिक्षक भेटले. पन्नाशीचे, माजी सैनिक, मला पाहून सावधान उभे राहिले. साईस म्हणजे तिथला मोतद्दार, साठीचा, दात पडलेला, हाताने खरारा करता करता घोडीशी बोलत होता. घोडी उंच, हाडापेराने मोकळी. मी तिच्या मागच्या पायांकडे पाहिले. मुलीला म्हणालो, "बस. एक उडी दाखव."

मुलीने खोगिराचा तंग आवळला, रिकिबीत पाय घातला. (रिकीब हा शब्द तिला ठाऊक नाही. ती स्टिरप म्हणते.) घोडी दौडत आली. तीन ढांगा उरल्या आणि तिने मान खाली घातली, नाक गुडघ्याच्या पातळीवर. मुलीचे हात मागे आले. घोडी अडली.

"देखा सर?" प्रशिक्षक म्हणाले. "ढाई साल से यही है. अडियल है."

साईस खालच्या आवाजात म्हणाला, "अडियल नहीं है साहब. इसकी माँ को पानिपत के पास एक फार्म पर मैंने ही पाला. फौज की नीलामी से आई थी. वो भी ऐसे ही झुककर देखती थी."

पानिपत म्हटले की मराठी माणसाला दुसरेच काही आठवते. मला आता त्या लिलावातली घोडी आठवते. तिच्या लिलावाच्या कागदामागे कोणाचा शेरा होता, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. पुरावा म्हणून हे कोणत्याही कचेरीत टिकणार नाही. मला पुरावा लागला नाही.

मी क्लबच्या मालकांना भेटलो. फरीदाबादला कारखाना असलेले गृहस्थ, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "जनरल साहब, आप बडे हैं, आपकी बात सर आँखों पर. मगर मेंबर गिरते हैं तो मुझे फोन आता है."

"मी जनरल नव्हतो," मी म्हणालो. "मला पंधरा दिवस द्या. पंधरवड्याने ही घोडी तुमच्यासमोर आठ अडथळ्यांची पूर्ण फेरी करील. एकदाही अडली तर त्याच दिवशी द्या घोडीवाल्याला."

"और चलाएगा कौन?"

"माझी मुलगी."

हे मी बोलून गेलो, तिला न विचारता. तिने माझ्याकडे पाहिले. नकार दिला नाही.

काम दुसऱ्या दिवशी पहाटेच सुरू झाले. तिला मी सर्व समजावले: घोडी अडत नाही, पाहते, अडवतो तो तुझा हात. म्हणून आधी हातच काढून घ्यायचा. रिसालदारांनी केले तेच मी केले. दोन्ही बाजूंना दांडे लावून एक अरुंद गल्ली केली, तिच्या टोकाला एक बेताचा अडथळा. लगामाला गाठ मारून मानेवर टाकला. मुलीला म्हणालो, "हात छातीवर बांध. काहीही झाले तरी सोडू नकोस."

"आणि पडले तर?"

"पडशील."

"वा, किती सपोर्टिव्ह," ती म्हणाली आणि निघाली.

घोडी गल्लीत आली. ताल उत्तम होता. तीन ढांगा. मान खाली गेली. माझ्या मुलीचे हात छातीवर होते, चव्वेचाळीस वर्षांची माझी मुलगी लगामाशिवाय त्या दांड्यांवर चालली होती, आणि मी, ज्याने हे सगळे आत्ताच समजावून सांगितले होते, तो मी जोरात ओरडलो, "थांब!"

घोडी थांबली. मुलगी थांबली नाही. ती दांड्यांपलीकडे वाळूत जाऊन पडली.

मी पोचेपर्यंत ती उठून बसली होती. शिरस्त्राण जागेवर, तोंडात वाळू. ती थुंकली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ती कुठे अडली? अडलात तुम्ही."

साईस घोडीला फिरवत होता आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होता.

मी तिच्याशेजारी वाळूत बसलो. गुडघे दुखतात, म्हणून एरवी बसत नाही. तिला सांगितले की ती नऊ वर्षांची असताना ज्या आठवड्यात तिने विचारले, त्याच आठवड्यात मी एका तरुण स्वाराला घोड्याखालून काढून रुग्णालयात नेले होते. तो पुन्हा चालला नाही. त्याची स्वारीची परीक्षा मीच लावली होती.

तिने बूट झटकले. "मग तेव्हाच सांगायचं ना. मला वाटायचं, मी मुलगी आहे म्हणून."

"थोडे तेही होते."

तिला हसू आले. का, ते कळले नाही. "बिल्कुल बदलू नका तुम्ही," असे म्हणून तिने हात पुढे केला आणि मला उठवले. "चलो. बांधा परत गाठ."

त्या दिवशी मी एक व्यवस्था लावली. मुलगी गल्लीत आली की मी अडथळ्याकडे पाठ करून उभा राही. पाहायचे नाही, फक्त ऐकायचे. टापांच्या आवाजावरून सगळे कळते. हात अडवीत असला की शेवटच्या तीन ढांगा आखूड पडतात, आवाज दाटतो. हात मोकळा असला की तोच ताल शेवटपर्यंत राहतो आणि मग क्षणभर आवाजच नसतो. पाठ करूनही पहिल्या दोन खेपांना माझ्या घशात शब्द आला. तिसऱ्या खेपेआधी साईस माझ्याजवळ आला आणि घोडीसाठी खिशात ठेवलेल्या गुळातला एक मोठा खडा त्याने माझ्या हातावर ठेवला.

"ये क्या?"

"मुँह में रखिए साहब. घोडी को भी इसी से चुप कराता हूँ."

मी गूळ तोंडात ठेवला. मागे टापांचा ताल आला, गेला, थोडी शांतता झाली आणि मग पलीकडे वाळूवर चार पाय उतरल्याचा आवाज आला.

चार दिवसांनी गाठ सोडली आणि लगाम हातात दिला, पण शेवटच्या तीन ढांगांना आयाळ धरायची या अटीवर. पाचव्या दिवशी तिला आयाळ धरायचे सुचलेच नाही, घोडी अडली, मी पुन्हा गाठ मारली. असे दोनदा मागे जावे लागले. ती रोज पहाटे सव्वापाचला क्लबात हजर होई आणि नऊला तेथूनच कचेरीत जाई. एकदा घोडीवर असतानाच तिच्या कानातल्या यंत्रावर कचेरीची बैठक सुरू झाली. साहेबांनी कुठे आहेस असे विचारले, तिने ट्रॅफिकमध्ये आहे असे सांगितले, आणि नेमकी तेव्हाच घोडी मोठ्याने खिंकाळली. पुढचे मी ऐकले नाही.

तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले. मी तिला विश्रांती घे म्हटले नाही. तिने मागितलीही नाही.

ठरल्या रविवारी मालक आले. घोडीवालाही आला होता. भरघोस मिशांचा, अदबीने वागणारा गृहस्थ. त्याच्याकडे घोड्या नीट ठेवल्या जातात असे साईस म्हणाला होता आणि मला ते खोटे वाटत नाही. त्याने घोडीचे दात पाहिले, मानेवर थाप मारली. "चाल अच्छी है. आतिशबाजी से डरती तो नहीं?"

"तुम्हाला ते विचारायची वेळ येणार नाही," मी म्हणालो.

या वेळी मी पाठ केली नाही. साईसाकडे हात पुढे केला. त्याने गूळ दिला.

पहिले चार अडथळे सरळ गेले. प्रत्येक वेळी मान खाली, मुलीचे हात पुढे, आयाळीत, आणि उडी. पाचवा अडथळा प्रशिक्षकांनी आदल्या दिवशी बदलला होता. खाली निळे प्लास्टिकचे पिंप आडवे ठेवले होते, घोडीने कधीही न पाहिलेले. त्यांचा तो हक्क होता. घोडीने पिंप पाहिले आणि मान इतकी खाली घातली की नाक जवळजवळ वाळूला लागले. ढांग आखूड झाली.

"गई," प्रशिक्षक म्हणाले.

मी गुळावर दात घट्ट मिटले. मुलीचा हात मला दिसत होता. बोटे एकदा आवळली. मग तिने ती उघडली. आयाळसुद्धा धरली नाही, लगाम नुसता पुढे सोडून दिला. घोडीने पिंप पाहून घेतले आणि ती उडाली. चाळीसेक वर्षांपूर्वी दांड्यावर जशी हातभर हवा मी पाहिली होती, तशी मला पुन्हा दिसली.

सहा आणि सात गेले. आठव्यावर मागचा पाय लागला आणि वरचा दांडा पडला.

"डंडा गिरा," मालक म्हणाले.

मी गूळ गिळला. पण मी बोलण्याआधी प्रशिक्षकच म्हणाले, "सर, शर्त अडने की थी. अडी नहीं." आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "मैं गलत था."

ते किती सहज बोलले. मला तेवढे लिहायला चाळीस वर्षे पुरली नव्हती.

मालकांनी घोडीकडे पाहिले आणि घोडीवाल्याला चहा विचारला. सौदा तेथे संपला.

मी क्लबची वही मागितली. घोडीच्या पानावर बापाचा रकाना कोरा होता. तो मी कोराच ठेवला. मला जो ठाऊक आहे तो तिचा बाप नव्हे, दोन पिढ्या मागचा, आणि त्याच्यासाठी रकाना नसतो. खाली प्रशिक्षकांचा शेरा होता: अडते. त्यांच्या परवानगीने मी त्यावर एक रेघ मारली. शेरा वाचता येईल अशी मारली, कारण झालेली चूकही दिसली पाहिजे. त्याखाली हिंदीत लिहिले, साईसालाही वाचता यावे म्हणून: 'शेवटच्या तीन ढांगांत मान खाली घालून पाहते. लगाम सोडावा.' सही केली, तारीख घातली.

त्याच आठवड्यात मी केंद्राला पत्र पाठवले. जुन्या वहीतील माझ्या शेऱ्याची दुरुस्ती करावी, चूक माझी होती, असे कळवले. उत्तर आलेले नाही. ती वही असेल की नाही हेही ठाऊक नाही. दुसरे पत्र पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत पाठवीत राहीन.

त्या रविवारी परतताना मुलीने गाडी चालवली. टोल नाक्यानंतर रस्ता मोकळा होता आणि वेग मला पसंत पडावा त्याहून पुष्कळ जास्त होता. साईसाने निघताना दिलेला गुळाचा खडा खिशात होता. तो काढावा लागला नाही. मी दोन्ही पाय सरळ ठेवून बसलो.